आमच्याकडे एकच पुस्तक चौघं-पाचजण वाचतात

लेक आता दीड वर्षाच्या पुढे गेलीये आणि सध्या घरात सगळ्यात जास्त चालणारं पुस्तक म्हणजे आठवडी बाजाराचं. पातळसं, मधे दोन पिना मारलेलं, पानावर खाली एखादं वाक्य आणि बाकी पानभर चित्र. भाजीवाल्या, वजनकाटा, टोपल्या, बांगड्यांचं दुकान, शेळी, लांबवर उभी असलेली लाल एसटी. शेवटची दोन पानं सेलोटेप लावून धरून ठेवलीयेत आणि टोमॅटोच्या ढिगावर वरणाचा डाग आहे, कारण त्या ढिगालाही भरवणं झालेलं आहे.

तर या एवढ्याशा पुस्तकाच्या आमच्या घरात चार-पाच वेगवेगळ्या गोष्टी झाल्यात, आणि मला आज त्याबद्दलच लिहायचंय, कारण लहान मुलांना पुस्तक "वाचून दाखवा" असं सगळे सांगतात पण एवढ्या लहान मुलासोबत जे होतं ते वाचून दाखवणं नसतंच मुळी.

सासूबाई अकोल्याच्या. त्या पुस्तक उघडलं की खालचं वाक्य बघतच नाहीत. थेट भाजीवालीपाशी जातात. "पाय वं माय, कसे जांभये जांभये वांगे हायेत! घेतं का तू? किती घेतं, पावशेर?" लेक मान हलवते. "पावशेरात काय होते बाप्पा, इतके लोकं हाओत आपण घरात." मग लेक दोन्ही हात पसरून दाखवते म्हणजे खूप. मग सासूबाई तिच्या तळहातावर एकेक वांगं ठेवतात, खोटंखोटं, आणि ती ते माझ्याकडे आणून देते, मी ते ओट्यावर ठेवायचं. माझ्या हातात खरी कणीक असते तेव्हाही. यात पाच मिनिटं जातात आणि पान एकच झालेलं असतं.

आबा, म्हणजे लेकीचे आजोबा, एसटीत कंडक्टर होते. त्यामुळे त्यांच्यासाठी पुस्तकात महत्त्वाची गोष्ट म्हणजे मागे उभी असलेली ती एसटी, जी बोटाच्या पेराएवढीच काढलीये. ते सगळा बाजार ओलांडून तिथेच पोचतात, लेकीच्या हाताला तिकीट म्हणून टिचकी मारतात, "चला पुढे सरका, पुढे सरका" म्हणतात आणि दोनदा घंटी देतात, टिंग टिंग. दोनदा म्हणजे गाडी निघाली, एकदा म्हणजे थांबा. हे लेकीला आता इतकं पक्कं झालंय की पान उलटायचं असेल तर ती स्वतः "तिन तिन" म्हणते आणि मगच उलटू देते. आबा मांडीवर घेऊन बसले की सगळ्याच पुस्तकांमध्ये असं होतं, जंगलाचं असलं तरी.

नवऱ्याची गोष्ट म्हणजे नुसते आवाज. शेळी, कुत्रा, "घ्या घ्या दहाला घ्या", काट्याची साखळी. शब्द जवळजवळ नाहीतच.

आणि कामाला येणाऱ्या मावशी. त्यांना अक्षरं येत नाहीत, त्या स्वतःच सांगतात. पण त्यांच्या गावचा बाजार मंगळवारी भरायचा आणि त्यांची आई मिरच्या विकायला बसायची, तर चहा होईपर्यंत त्या खाली बसून लेकीला त्या चित्रातल्या मिरचीवालीची गोष्ट सांगतात. ती पहाटे किती वाजता उठली, पाटी डोक्यावर घेऊन किती चालली, पाऊस आला तर पोत्याची खोळ कशी केली. पुस्तकात यातलं काहीही लिहिलेलं नाहीये. लेकीला यातलं किती कळतं ते सोडा, ती तोंडाकडे बघत बसते, हलत नाही. मिरचीवर बोट ठेवलं की मावशी "हाय हाय तिखट" करतात आणि मग दोघी मिळून फू फू. मला हे बघताना फार भारी वाटतं. अक्षरांच्या पुस्तकात येणाऱ्या-न येणाऱ्याचा जो फरक पडतो तो चित्राच्या पुस्तकात पडतच नाही, मावशी आमच्या घरातल्या सगळ्यात चांगल्या वाचणाऱ्या आहेत हे मी अगदी मनापासून म्हणतेय.

मी छापलेलं वाक्य वाचते, पण ते पूर्ण व्हायच्या आत पान उलटलं गेलं तर जाऊ देते. पहिलं पान, मग शेवटचं, मग परत शेळी, असंही चालतं.

आधी आधी, म्हणजे नऊ-दहा महिन्यांची असताना, ती चित्रातली वस्तू उचलायला बघायची. एका पुस्तकात ताटात लाडू होता, तो नखाने खरवडायची, मूठ वळायची, मूठ उघडून बघायची, परत खरवडायची. मला वाटलं हिला फक्त कागद फाडायचाय. पण मग वाचनात आलं की ज्यूडी डीलोश नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकं हेच तपासलं होतं, १९९८ मध्ये त्यांचा पेपर आला. नऊ महिन्यांची बाळं चित्रातल्या वस्तूला हात घालतात, चोळतात, उचलायला बघतात, आणि एकोणीस महिन्यांच्या आसपास ते थांबतं आणि मुलं बोट दाखवायला लागतात. अमेरिकेतल्या बाळांसोबत त्यांनी आफ्रिकेत आयव्हरी कोस्टमधल्या एका खेड्यातली बाळंही बघितली, ज्यांनी चित्रं फारशी पाहिलेलीच नव्हती, तीही तसंच करत होती. म्हणजे चित्र ही वस्तू नाही, वस्तूबद्दल काहीतरी आहे, एवढी मोठी गोष्ट ही मुलं वर्षभरात आपली आपण शिकतात. आमच्याकडे पण आता बोट आलंय. आणि त्या बोटामागून "ए काय?" आलंय, दिवसभर.

बोटाची गंमत अशी की ते आपल्याला हवं तिथे जात नाही. बाजाराच्या पुस्तकात एका पानावर सगळ्यात मोठी काढलीये ती फुगेवाल्याची सायकल, कुणाचंही लक्ष आधी तिकडेच जाईल. लेकीचं बोट मात्र गेलं हातगाडीच्या चाकाखाली. तिथे एक मांजर झोपलंय, नुसती पाठ आणि शेपूट दिसते, तेही करड्या रंगात करड्या सावलीवर. इतक्या वेळा पुस्तक वाचून घरातल्या एकाही मोठ्या माणसाला ते दिसलं नव्हतं. तिने "माऊ" म्हटलं, आम्ही म्हणालो अगं ही शेळी, ती परत "माऊ", आणि मग नवऱ्याने वाकून बघितलं. चित्रकाराने ते मांजर बहुतेक अशा बोटासाठीच काढून ठेवलेलं असणार. मोठी माणसं वाक्य वाचतात आणि चित्रावरून नुसती नजर फिरवतात, लहान मूल पूर्ण चित्र वाचतं, कोपऱ्यापासून.

तेच ते पुस्तक सारखं सारखं का, असं येणारे-जाणारे विचारतात. तर तिला तेच हवंय म्हणून, आणि त्याने फायदाच होतो. २०११ मध्ये इंग्लंडमध्ये ससेक्स विद्यापीठातल्या लोकांनी तीन वर्षांच्या मुलांवर प्रयोग केला होता, तीच गोष्ट परत परत ऐकणाऱ्या मुलांना त्यातले नवे शब्द वेगवेगळ्या गोष्टी ऐकणाऱ्यांपेक्षा चांगले लक्षात राहिले. आणि सासूबाई जे करतात, म्हणजे विचारायचं, मूल जे काय म्हणेल ते धरून पुढे वाढवायचं, त्याच्यावरही अमेरिकेत ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट या मानसशास्त्रज्ञांनी १९८८ मध्ये अभ्यास केलाय, साधारण दोन-अडीच वर्षांच्या मुलांच्या आईवडलांना महिनाभर असं वाचायला लावलं आणि ती मुलं बोलण्यात पुढे गेली. सासूबाईंना हे कुणी शिकवलेलं नाही. त्यांनी फक्त वांगी विकत घेतली.

जेवताना मोबाईल लावून द्या, पटापट खाते, हा सल्ला आम्हाला भरपूर मिळालाय, प्रेमानेच मिळालाय. पण जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सरळ सांगितलंय की एक वर्षाच्या मुलाला स्क्रीन नकोच, दोन वर्षांच्या मुलाला दिवसाला तासाभराच्या वर नको, आणि बसवायचंच असेल तर पुस्तक, गोष्टी. आम्ही ते पाळतो. पुस्तकं खरकटी होतात, होऊ देत, पुसता येतात.

आता पुस्तकं आणायची कुठून, कारण हा प्रश्न खरा आहे. या वयाला जाड पुठ्ठ्याची बोर्ड बुक्स लागतात, आणि मराठीत ती शोधावी लागतात. दुकानात जी ढिगाने दिसतात ती इंग्रजी, त्यात बर्फ, चिमणीतून धूर येणारं घर, लाल फायर ट्रक. तेही आणलंय, तिला पेंग्विन आवडतो, आवडू दे की. पण ज्या पुस्तकात कुकर आहे, दारात चपला आहेत, दोरीवर परकर वाळतोय, त्या पुस्तकावर ती जी झडप घालते ती वेगळीच असते. चित्रात कुकर दिसला की स्वयंपाकघराकडे बघून शिट्टीची वाट बघते!

माधुरी पुरंदरे यांचं 'राधाचं घर' म्हणूनच आमच्याकडे इतकं चालतं. ज्योत्स्ना प्रकाशनाची ही पुस्तकं आहेत, राधा आपल्या घरातल्या माणसांची ओळख करून देते, बस्स एवढंच, आणि चित्रंही पुरंदऱ्यांचीच असल्यामुळे शब्दात नसलेलं बरंच काही चित्रात सापडतं. त्यांना २०१४ मध्ये साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळालाय, पण लेकीला त्याच्याशी काय, तिने त्यातल्या आजोबांना आबाच करून टाकलंय. तूलिका ही प्रकाशनसंस्था चेन्नईची असली तरी मराठीत पुस्तकं काढते. प्रथम बुक्सची मराठी पुस्तकं खिशाला अजिबात जड नाहीत आणि त्यांची स्टोरीवीव्हर ही गोष्टींची वेबसाइट तर २०१५ पासून फुकट आहे, मराठी निवडा, पहिली पातळी निवडा, पीडीएफ उतरवून घ्या. आम्ही दोन-तीन रंगीत प्रिंट काढून लॅमिनेट करून रिंगमध्ये घातलीयेत, चावून चावून कोपरे गेले पण पानं शाबूत आहेत. नॅशनल बुक ट्रस्टची पुस्तकं प्रदर्शनात दिसली तर जरूर चाळा, स्वस्त असतात आणि काही काही जुन्या चित्रकारांची कामं बघत राहावीत अशी आहेत.

अनुवादित पुस्तक घेताना मी एकच करते, दुकानातच एक पान मोठ्याने वाचून बघते. तोंडात बसलं तर घ्यायचं. जी वाक्यं आपण कुणीच घरात बोलत नाही ती आजीच्या तोंडी कशी येणार. चित्रं छान आणि वाक्य अवघड असेल तरी कधी कधी घेते, कारण सासूबाई तसंही वाक्य वाचणार नाहीयेत.

पुस्तकं ठेवायची जागा म्हणाल तर आम्ही सोफ्याशेजारी खाली जमिनीवर एक टोपली ठेवलीये, पुस्तकांची तोंडं वर. ती रांगत होती तेव्हापासून तिचं तिला काढता येतं. कपाटात वर ठेवलेलं पुस्तक आपण देऊ तेव्हा मिळतं, टोपलीतलं तिला हवं तेव्हा, मग ते घेऊन ती माणूस निवडते. हो, माणूससुद्धा तीच निवडते. एसटी हवी असेल तर आबा, आवाज हवे असतील तर बाबा. झोपायच्या आधी मी.

सध्या मी पावसाचं पुस्तक शोधतेय. गॅलरीतून पाऊस बघताना ती आत पळत येते, टोपलीत हात घालते आणि एकही पुस्तक पावसाचं नाही म्हणून सगळी बाहेर काढून ठेवते. रेनकोट, गमबूट, फुलांच्या बागेत पडणारा तो गोड पाऊस नकोय. आपला हवाय, छत्री उलटी होणारा, गटार भरून वाहणारं, ओले कपडे घरभर दोऱ्यांवर, चिखलात चप्पल अडकलेली. कुणाला माहीत असेल तर प्रकाशनासकट सांगा. नाहीच मिळालं तर आबांनी चित्रं काढायची तयारी दाखवलीये, एसटी त्यात असणार हे त्यांनी आत्ताच सांगून ठेवलंय.