काळ्या पाटीची गाडी आणि नेरूळची फायनल

लेकीनं तिकिटं काढली तेव्हा घरात कुणी मनावर घेतलं नव्हतं. १७ वर्षांखालच्या मुलींच्या फुटबॉल विश्वचषकाची फायनल, ३० ऑक्टोबर २०२२, रविवार, नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम. साडेचारला तिसऱ्या क्रमांकाचा सामना आणि रात्री आठला फायनल. माणसं चार. मी, लेक, तिच्याबरोबर शाळेच्या टीममध्ये खेळणारी मैत्रीण आणि मैत्रिणीचे वडील. त्यांना आख्खी गल्ली अण्णा म्हणते. अण्णांचा टॉवेलचा कारखाना आहे आणि त्यांना फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, पण पोरींना एकट्या माझ्यावर सोडायला ते तयार नव्हते.

सोलापुरात "वर्ल्ड कप बघायला चाललोय" म्हटलं की समोरचा विचारायचा, "ऑस्ट्रेलियाला?" तेव्हा तिकडं टी-ट्वेंटीचा वर्ल्ड कप चालू होता ना. मग मुलींचा, फुटबॉलचा, नव्या मुंबईत, असं सगळं उलगडून सांगावं लागायचं. फुटबॉलवेड्या कोल्हापुरात राहत असतो तर एवढी शिकवणी घ्यावी लागली नसती.

तिकिटं झाली, आता जायचं कसं? दिवाळी नुकतीच संपलेली, गावाला आलेली सगळी मुंबई-पुण्याची मंडळी त्याच रविवारी परत निघणार. सिद्धेश्वर एक्स्प्रेसची वेटिंग लिस्ट बघून मोबाइल खाली ठेवला. वंदे भारत तेव्हा नव्हती, ती फेब्रुवारी २०२३ ला आली. खासगी बसवाल्यांचे दर दिवाळीत काय होतात ते सांगायला नको. आणि जाताना कसंही गेलो असतो, पण फायनल संपून बक्षीस समारंभ होईपर्यंत रात्रीचे साडेदहा, त्यानंतर दोन पोरींना घेऊन नेरूळहून कुठली गाडी गाठायची? माझी स्वतःची गाडी कोरोनाच्या काळात विकली होती. म्हणून भाड्याची गाडी.

पहिला प्रस्ताव घरबसल्या आला. होटगी रोडच्या एका ओळखीच्या माणसाकडं जवळजवळ नवी गाडी होती, दिवसाला अडीच हजार, पेट्रोल आपलं. बघायला गेलो तर नंबरची पाटी पांढरी, म्हणजे खासगी गाडी. मी म्हटलं, वाटेत कुणी अडवलं तर?

"कोण विचारालंय ओ? मेहुण्याची गाडी हाय म्हणायचं, झालं."

खरं सांगतो, मी हो म्हणणारच होतो. दुसऱ्या दिवशी ऑफिसात जेवताना विषय निघाला. आमच्यातला एक जण पूर्वी विम्याचं काम करायचा. त्यानं डबा बाजूला सारला आणि मला झापलाच. पांढऱ्या पाटीच्या गाडीचा विमा खासगी वापराचा असतो. ती भाड्यानं दिली होती हे कळलं तर विमा कंपनी हात वर करते. मग गाडीचं नुकसान तर सोडाच, एखाद्याला धक्का लागला तरी ते सगळं तुझ्या आणि मालकाच्या गळ्यात. "मेहुणा कोर्टात येणार आहे का तुझ्यासाठी?" असं त्यानं विचारलं. मला मेहुणाच नाही, हा भाग वेगळा.

पाट्यांचा हा हिशेब मला चाळिशी उलटून गेल्यावर कळला. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं म्हणजे ड्रायव्हरसह मिळणारी टॅक्सी. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं म्हणजे आपण स्वतः चालवायला भाड्यानं घ्यायची गाडी. या दुसऱ्या धंद्याला १९८९ च्या 'रेंट अ कॅब' योजनेखाली परवाना लागतो आणि त्यासाठी मालकाकडं किमान ५० गाड्या असाव्या लागतात. आपल्याकडं काळी पाटी कमी आणि 'मेहुण्याच्या' गाड्या जास्त का दिसतात, त्याचं कारण माझ्या मते इथंच आहे.

पिवळ्या पाटीचीही चौकशी केली. सेडान, किलोमीटरला १३ रुपये, दिवसाला किमान ३०० किलोमीटर, ड्रायव्हरचा भत्ता दिवसाला ४००, टोल आपला. अण्णांनी तिथल्या तिथं बोटांवर हिशेब केला आणि बारा हजार म्हणाले. मला ते फार वाटले. शिवाय मनात खोल कुठंतरी स्वतः गाडी चालवायची हौस होतीच. दोन वर्षं स्टिअरिंगला हात लावला नव्हता. शेवटी एक काळ्या पाटीची गाडी मिळाली. ३६ तासांचे ४,२०० रुपये, त्यात ६०० किलोमीटर, पुढच्या प्रत्येक किलोमीटरला ८ रुपये, डिपॉझिट ५,०००.

शनिवारी रात्री आठला गाडी ताब्यात घेतली. मालकाला माझं मूळ आधार कार्ड ठेवून घ्यायचं होतं. ते दिलं नाही. झेरॉक्स दिली, तिच्यावर आडवी रेघ मारून 'फक्त गाडी भाड्याने घेण्यासाठी' असं लिहून तारीख टाकली. मालकाचा चेहरा पडला, पण त्यानं घेतली. आरसी, विमा, पीयूसी, टुरिस्ट परमिट या चारींच्या तारखा बघितल्या. करारात चालक म्हणून एकच नाव होतं, माझं. अण्णांकडंही लायसन्स आहे, त्यांचंही नाव घाला म्हटलं तर वेगळे पैसे पडतील म्हणाला. अण्णा म्हणाले, राहू दे. या 'राहू दे'ची किंमत मी परतीच्या वाटेवर मोजली.

गाडीचा व्हिडिओ काढायची कल्पना लेकीची. मी मोबाइल धरला आणि ती टॉर्च घेऊन गाडीभोवती फिरली, एकेक पत्रा तपासत. डाव्या मागच्या दारावर एक पोचा. पुढच्या काचेवर कडेला तांदळाएवढा टवका. मागच्या बंपरखाली, जिथं वाकल्याशिवाय नजर जात नाही तिथं, वीतभर ओरखडा. व्हिडिओत तिचा आवाज स्पष्ट येतो, "बाबा, इथं पण आहे." मागं दुकानातला आकाशकंदील बंपरमध्ये हिरवा-लाल दिसतोय. डिकीत स्टेपनी होती, जॅक होता, पाना नव्हता. तो मागून घेतला. पेट्रोलचा काटा अर्ध्यावर, त्याचाही फोटो.

पहाटे पाचला निघालो. मागं एका पिशवीत कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि धपाटे. एकूण पल्ला एका बाजूनं ३८० किलोमीटरच्या आसपास. सावळेश्वरचा टोल सुरळीत गेला. वरवड्याला फाटक उघडेना. फास्टॅगमध्ये पैसेच नव्हते. रात्री मालक "फास्टॅग फुल आहे साहेब" म्हणाला होता आणि मी एवढी एकच गोष्ट तपासली नव्हती. मागं हॉर्न सुरू झाले, मालकाचा फोन लागेना, शेवटी रोखीनं दुप्पट टोल भरून सुटलो. पुढं चहाला थांबलो तेव्हा लेकीनं गाडीचा नंबर टाकून माझ्याच मोबाइलवरून फास्टॅग रिचार्ज केला. सरडेवाडीला फाटक आपोआप उघडलं तेव्हा आम्ही चौघांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या चौघांच्या तिकिटांपेक्षा टोलच जास्त झाला, हे अण्णा दिवसभर येईल त्याला सांगत होते.

या गाडीला वेगाला लगाम आहे, हे भिगवणच्या अलीकडं कळलं. काटा ८० ला जाऊन थांबला. मला वाटलं गाडीच बिघडली. भाड्याच्या गाड्यांना वेगमर्यादेचं यंत्र बसवलेलं असतं हे ऐकून होतो, पण पायाखाली ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला आणि गाडी मात्र ढिम्म, हा अनुभव नवाच होता. एक्स्प्रेसवेवर १०० ची मुभा असताना आम्ही ८० वर. बस पुढं जायच्या, पोरी मागून "बाबा, ती पण गेली" असं मोजत होत्या. ओव्हरटेक करायचं तर आधी विचार करावा लागतो, कारण ऐनवेळी ताकद मिळत नाही. एका ट्रकच्या बाजूला अर्धवट अडकलो तेव्हा अण्णांनी डोळे मिटून सिद्धेश्वराचं नाव घेतलं.

पुण्यात शिरायचं नाही म्हणून मंतरवाडी फाट्यावरून उंड्री, कात्रज, बायपास असे गेलो. चांदणी चौकातला जुना पूल २ ऑक्टोबरलाच पाडला होता, तिथं काम सुरू होतं आणि वाहनांची रांग हलत नव्हती. पुढं घाटात दिवाळी संपवून परतणाऱ्या गाड्यांची तीच गत. आमचा ८० चा लगाम तिथं कुणालाच बोचला नाही, सगळेच वीसनं चालले होते. कळंबोली ओलांडून नेरूळला पोचलो तेव्हा तीन वाजून गेले होते. वाशीचा टोलनाका त्याच्या पुढं येतो, तेवढा एक वाचला. स्टेडियमजवळ गाडी घुसवायच्या भानगडीत पडलो नाही. नेरूळ स्टेशनच्या बाजूला लावली आणि चालत गेलो. बाहेरचं खाणं आत नेता येत नाही, म्हणून भाकरी-चटणी गाडीतच राहिली.

नायजेरिया आणि जर्मनी यांचा सामना मी जन्मात विसरणार नाही. नायजेरिया ३-० नं पुढं. अण्णा म्हणाले, संपलं आता, आणि मोबाइल काढून पर्थचा भारत-दक्षिण आफ्रिका सामना लावला. तोही साडेचारलाच सुरू झाला होता. इकडं जर्मनीच्या पोरींनी एकेक करत तिन्ही गोल फेडले. ३-३. मग पेनल्टी आणि त्यात नायजेरिया ३-२ नं जिंकली. तिकडं सूर्यकुमारनं ६८ केले तरी भारत हरला. अण्णांनी मोबाइल खिशात टाकला आणि त्यानंतर फायनलभर बाहेर काढला नाही.

फायनल स्पेन आणि कोलंबिया. गटातही हे दोघं याच मैदानावर भेटले होते आणि स्पेन १-० नं जिंकलं होतं. कोलंबियाच्या लिंडा कायसेदोसाठी आमच्या दोघी आल्या होत्या. ती डाव्या बाजूनं चेंडू घेऊन निघाली की या दोघी खुर्चीवरून उठायच्या. गोल मात्र ८२ व्या मिनिटाला झाला आणि तोही कोलंबियाच्याच खेळाडूचा पाय लागून स्वतःच्या जाळ्यात. स्पेन पुन्हा १-०. आमच्या बाजूला काही क्षण कुणी बोललं नाही. लेकीची मैत्रीण त्यांच्या टीमची डिफेंडर आहे. ती हळूच म्हणाली, "काका, मी असते तरी पाय घातलाच असता." अण्णांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

अकराच्या पुढं गाडी काढली. भाकऱ्या उघडल्या, चटणीचा वास गाडीभर झाला. खालापूरच्या पुढं माझे डोळे मिटायला लागले. अण्णा ताजेतवाने, लायसन्स खिशात, आणि करारात नाव नाही. काही झालं असतं तर विम्याचा प्रश्न पुन्हा तिथंच आला असता. ते दोनदा म्हणाले, "द्या हो, कोण बघालंय." 'कोण विचारालंय' आठवलं आणि किल्ली दिली नाही. लोणावळ्याच्या पुढं गाडी फूड मॉलच्या दिव्याखाली लावून पाऊण तास झोपलो. पुढं पाटसजवळ अजून वीस मिनिटं. अण्णा दर दहा किलोमीटरला मला कारखान्यातल्या मागांच्या भानगडी सांगत होते. मला झोप येऊ नये हा हेतू, पण विषयाची निवड चुकली होती.

सोमवारी सकाळी साडेसातला गाडी परत दिली, काटा बरोबर अर्ध्यावर. मालकानं गाडीला एक फेरी मारली, मागं वाकला आणि म्हणाला, "बंपरला लागलंय की साहेब. दीड हजार कापावे लागतील." वाकल्याशिवाय न दिसणारा ओरखडा त्याला पहिल्याच फेरीत सापडला, यावरून मी काय ते समजलो. काही न बोलता व्हिडिओ लावला. "बाबा, इथं पण आहे," लेकीचा आवाज आला. त्यानं तो पूर्ण बघितला आणि म्हणाला, "असंल, असंल. चहा घेणार का?" वरवड्याच्या दुप्पट टोलचा विषय काढला तर त्यानं दुसरा चहा मागवला. १७० जादा किलोमीटरचे १,३६० कापून बाकीचं डिपॉझिट हातात मिळालं.

अण्णा वही घेऊन बाहेरच्या बाकावर बसले होते. भाडं ४,२००, जादा किलोमीटर १,३६०, पेट्रोल ५,१००, टोल त्या दुप्पटसकट १,२८०. बेरीज ११,९४०. शेजारी त्यांनी पिवळ्या पाटीचा हिशेब मांडला. ७७० किलोमीटर गुणिले १३, दोन दिवसांचा भत्ता, टोल. १२,०१०.

"सत्तर रुपये वाचले की ओ," अण्णा म्हणाले, आणि चौघांत भागून प्रत्येकाच्या नावापुढं साडेसतरा लिहिले.