कोर्टाची तारीख मोबाईलवर बघायला इंग्रजी कशाला पायजे

आमच्या गल्लीतल्या एक वहिनी पोटगीच्या केसची नुसती तारीख विचारायला कामाचा खाडा करून कोर्टात जायच्या, का तर म्हणे ते ॲप इंग्रजीत असतंय, आपल्याला काय जमणार. म्हटलं वहिनी, व्हॉट्सॲप जमतंय न्हवं, मग हे बी जमतंय.

सगळा खेळ सीएनआर नंबरचा हाय, म्हंजे प्रत्येक केसचा स्वतःचा ओळख नंबर. १६ अक्षरं-आकडे, सुरुवात एमएचनं, वकिलाकडनं मागून घ्यायचा आणि हक्कानं मागायचा. ई-कोर्ट्स सर्व्हिसेस ॲप फुकट मिळतंय, त्यात तो टाकला की पुढची तारीख, कुठलं कोर्ट, आधी काय काय झालं सगळं दिसतंय, आणि तारीख तर आकड्यातच असते की. फक्त इंग्रजी ओ आणि शून्य यात गफलत होते, वहिनींची गाडी तिथंच अडकली होती. मग केस ॲपमध्येच सेव्ह करून दिली, परत नंबर टाकायची कटकट नको.

केसचे मेसेज यायला कोर्टाच्या कागदावर मोबाईल नंबर मात्र स्वतःचाच द्यायचा बरं का. केस नवऱ्यावर आणि मेसेज दिराच्या फोनवर, मग झालंच कल्याण!

आणखी एक, पोटगीचं जुनं १२५ कलम १ जुलै २०२४ पासून नव्या कायद्यात १४४ झालंय, कागदावर वेगळा आकडा दिसला म्हणून घाबरू नका. वकिलाला पैसे नसतील तर बायकांना १९८७ च्या कायद्यानं मोफत वकील मिळतोय, उत्पन्नाची अट नाही, १५१०० ला फोन लावायचा, मराठीतच बोला बिनधास्त.