तुम्ही विचारलंत म्हणून: नेपाळची तयारी

मे महिना जवळ आला की मला दोन प्रश्न येतात. आमच्या ख्रिस्ती मंडळीतली, म्हणजे चर्चमधली, मुलं विचारतात, "मावशी, मिशन ट्रिपला नेपाळला जायचंय, तयारी काय करायची?" आणि शाळेत, शिक्षकांच्या खोलीत, कुणीतरी विचारतंच, "मॅडम, तुम्ही तिकडे धर्मांतर करायला गेला होतात ना?" मुलांना मी इतकी वर्षं "पाळकांना विचारा" म्हणून टाळलं. शाळेतल्यांना उत्तर देते, पण ते कुणी ऐकून घेत नाही. आता मुलांच्या आयाही म्हणायला लागल्या आहेत की तुम्ही स्वतः जाऊन आलात आणि आमच्या पोरांना शिकवायला का नाही म्हणता? म्हणून एकदाच लिहिते.

शाळेतल्या प्रश्नाचं आधी. नाही, मी धर्मांतर करायला गेले नव्हते. आम्ही 2019 च्या मे महिन्यात गेलो. नेपाळच्या संविधानातल्या 26 व्या कलमात दुसऱ्याचं धर्मांतर करायला बंदी आहे आणि ऑगस्ट 2018 पासून लागू झालेल्या फौजदारी संहितेत त्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि 50 हजार नेपाळी रुपयांपर्यंत दंड आहे. परदेशी माणूस असेल तर शिक्षा भोगून झाल्यावर देशाबाहेर रवानगी. हे सगळं निघण्याआधी आम्हा अकरा जणांना वाचून दाखवलं होतं. आम्ही गेलो ते आधीपासून असलेल्या एका मंडळीकडे, त्यांनी बोलावलं म्हणून. माझा विश्वास मी लपवत नाही. बायबलमधल्या मत्तयाच्या शेवटच्या अध्यायातली, सगळ्या राष्ट्रांत जाऊन शिष्य करा ही आज्ञा मलाही आहे असं मी मानते, आजही. पण तुमच्या प्रश्नाचा मला एवढा राग का येतो याचा विचार केला, तेव्हा कळलं की मी तिथे नेमकी कशाला गेले होते, हे मलाही धड सांगता येत नाही.

आता तयारी. कागदपत्रांचं सोपं आहे. आपल्याला व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालतं, आधार कार्डावर विसंबू नका. आमच्या वेळी शंभराच्या वरच्या भारतीय नोटा तिथे चालत नव्हत्या, म्हणून मी बँकेतून शंभराची बंडलं आणली होती. नगरहून मनमाड, मनमाडहून काशी एक्स्प्रेसने गोरखपूर, तिथून बसने सुनौलीची सीमा, मग भैरहवा, नारायणघाट, मुगलिंग, मलेखू आणि वर धादिङबेसी. जाताना दोन रात्री रेल्वेत आणि एक बसमध्ये गेली. पैसे मंडळीने उभे केले. हंगामाच्या सणाला चर्चमध्ये होणाऱ्या लिलावात एका आजींनी परसातली पपई आणली होती, ती 1,100 रुपयांना गेली आणि ते पैसे आमच्या खात्यात आले. ती पपई मी अजून विसरलेले नाही. आपण कुणाच्या पैशावर जातोय हे प्रत्येकाने नावानिशी लिहून ठेवावं, एवढं मी मुलांना नक्की सांगेन.

बाकीची सगळी तयारी साक्षीची होती, म्हणजे प्रभूने आपलं आयुष्य कसं बदललं ते सगळ्यांसमोर सांगण्याची. तिच्याबद्दलच मी इतकी वर्षं गप्प आहे.

आम्हाला तयार करायला बाहेरून एक भाऊ यायचे. माणूस चांगला, मनापासून शिकवणारा. साक्ष तीन मिनिटांची हवी, म्हणायचे. एक वाक्य बोलायचं, थांबायचं, दुभाष्याला बोलू द्यायचं, मग पुढचं. आधी मी कशी होते, मग प्रभू कसा भेटला, आता मी कशी आहे, असे तीन भाग. मोबाइलवर वेळ लावून ते समोर बसायचे.

माझी साक्ष माझ्या धाकट्या भावाची होती. 2011 मध्ये तो नगर-पुणे रस्त्यावर मोटरसायकलच्या अपघातात वारला. पहिल्यांदा मी सांगितलं तेव्हा सात मिनिटं झाली. मी सांगितलं की त्यानंतर दोन वर्षं मी उपासनेत तोंड उघडून गायले नाही. त्याच्या आवडीचं गीत लागलं की उठून बाहेर पायरीवर जाऊन बसायचे. उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, उपासनेला सलग दोन वर्षं गेलेच नाही, कारण मरणाबद्दल कुणी काही समजावून सांगावं हे मला सहन होत नव्हतं. आणि अजूनही काही दिवस तसे येतात. शिकवणारे भाऊ शांतपणे म्हणाले, "ताई, शेवट असा अर्धा ठेवू नका. ऐकणाऱ्याच्या हातात काय पडणार?"

मी शेवट केला. "मग एका रात्री प्रभूने मला शांती दिली." दोन मिनिटं पन्नास सेकंद. सगळ्यांनी आमेन म्हटलं.

हे खोटं नव्हतं. त्या रात्री मी प्रार्थना केली आणि कित्येक महिन्यांनी सलग झोपले, हे खरं आहे. पण सकाळी उठल्यावर काय झालं, ते तीन मिनिटांत बसत नव्हतं, म्हणून मी ते गाळलं. कुणी बळजबरी केली नाही. चौदा वेळा सराव केला. चौदाव्या वेळी डोळ्यांत पाणी कुठल्या वाक्याला येतं, हेही मला ठाऊक झालं होतं. हे लिहिताना लाज वाटते.

नेपाळमध्ये आठवड्याची सुट्टी शनिवारी, म्हणून उपासनाही शनिवारी. पत्र्याचं छप्पर, खाली चटया, चपला बाहेर. दुभाषी तिथलाच एक तरुण शिक्षक, माझ्या हिंदीचं नेपाळी करणारा. साक्ष छान झाली. थांबले तिथे थांबले, पाणी आलं तिथे आलं.

नंतर चहा झाला. नळाजवळ एक बाई पेले विसळत होत्या, माझ्याच वयाच्या. मीही बसले विसळायला. त्या दुभाष्याला हाक मारून काहीतरी सांगू लागल्या आणि तो थांबत थांबत मला सांगत गेला. 25 एप्रिल 2015. तोही शनिवार. मुलीला ताप होता, म्हणून तिला घरी झोपवून त्या उपासनेला आल्या होत्या. 11 वाजून 56 मिनिटांनी भूकंप झाला. घर दगडमातीचं होतं. उपासनेची जागा खांबांवरच्या पत्र्याची, ती उभी राहिली. मुलगी नऊ वर्षांची होती. मग त्यांनी माझ्याकडे वळून थेट विचारलं, "कति दिन लाग्यो, दिदी?"

किती दिवस लागले? याला दुभाष्याची गरज लागली नाही.

त्या माझी परीक्षा घेत नव्हत्या. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. चार वर्षं झाली होती आणि त्यांची ती रात्र आली नव्हती. माझी आली होती, असं मीच आत्ता सगळ्यांसमोर सांगितलं होतं. म्हणजे उणीव त्यांच्या विश्वासात असणार, असा हिशोब त्यांनी मनाशी केला असावा. आणि मी म्हणाले, "प्रत्येकाचं वेगळं असतं." दुभाष्याने ते नेपाळीत सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि पुढचा पेला घेतला.

"दिदी, माझंही अजून पूर्ण झालेलं नाही," एवढंच म्हणायचं होतं. आठ वर्षं होत आली होती, तरी नाही. ते माझ्या तोंडून निघालं नाही, कारण अकरा जणांचा चमू, ती पपई, ते आमेन, सगळं माझ्या त्या शेवटच्या वाक्यावर उभं आहे असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी पहाटे आमची गाडी होती.

तेव्हाची मी आजच्या मला म्हणते, उगाच जिवाला लावून घेतेस. त्या बाईंना तुझ्या गाण्याने, सोबतीने काही मिळालंच असेल. असेल. तिथल्या पाळकांनी नंतर कळवलं होतं की मंडळीला खूप उत्तेजन मिळालं. मी ते नाकारत नाही. आणि नऊ दिवसांसाठी जाणं मुळातच चुकीचं, असंही मला म्हणायचं नाही. पण आपण नगरचे ख्रिस्ती, आपल्याकडे लोक कसे आले ते आपण जाणतो. मिशनरी सिंथिया फरार 1827 मध्ये अमेरिकेहून मुंबईत उतरल्या, 1839 मध्ये नगरला आल्या, मुलींच्या शाळा चालवल्या आणि 1862 मध्ये इथेच वारल्या. त्यांच्याही चुका झाल्या असतील. पण चूक दुरुस्त करायला दुसरा दिवस त्यांच्या हाती होता. माझ्या हाती तो नव्हता, आणि तयारीत हे कुणी बोललंच नाही. आम्ही काय सांगायचं याचा सराव झाला. कुणी काही विचारलं तर काय, याचा एकदाही नाही.

म्हणून मी शिकवायला नाही म्हणत होते. मुलांना सांगितलं असतं की जाऊ नका, तर ते खरं झालं नसतं. जा म्हटलं असतं, तर पुन्हा कुणीतरी माझ्यासारखा शेवट पाठ करून गेलं असतं.

या रविवारी उपासनेनंतर मी थांबेन. मुलांनी वह्या आणाव्यात. नेपाळी लिपी आपलीच आहे, वाचता येईल. रोज दहा शब्द केले तर मेपर्यंत निदान पेले विसळताना बोलता येईल. साक्षी ऐकेन, पण वेळ लावणार नाही. ज्याची साक्ष अजून पूर्ण झालेली नाही त्याने तशीच आणावी. ट्रिपला नेणाऱ्या भावांना हे चालेल की नाही, ते मी त्यांच्याशी बोलेन. मी स्वतः मे महिन्यात येणार का, हे तुम्ही पुढे विचारालच. ठरलेलं नाही. मतदार ओळखपत्र शोधून ठेवलंय.