इस्फहानची जुनी जामे मशीद: कशी पाहावी, कधी पाहावी

इराणमधल्या इस्फहानला गेलेले बहुतेक जण नक्श-ए-जहान चौकातले निळे घुमट डोळे भरून पाहतात आणि उरलेल्या तासाभरात जुन्या जामे मशिदीला धावती भेट देतात. हा क्रम उलटा ठेवावा असं आमचं ठाम मत आहे. चौकातली शाह मशीद १६११ साली सुरू झाली. तिथे दिसणारे चार ऐवान (समोरून उघडी, उंच कमानदार दालनं) आणि मोठा घुमट ही मांडणी जामे मशिदीत त्याच्या जवळपास पाचशे वर्षं आधी उभी राहिली. आधी तिथली विटांची रचना पाहिली की चौकातल्या टाइल्सच्या मागे काय आहे ते समजतं. किमान तीन तास हाताशी ठेवा.

टॅक्सीत बसताना एक गोंधळ हमखास होतो. शाह मशिदीलाही कागदोपत्री 'जामे अब्बासी' म्हणतात, त्यामुळे नुसतं 'जामे' सांगितलं तर चालक पुन्हा चौकातच नेऊन सोडू शकतो. 'मस्जिद-ए-जामे-ए-अतीग' असं पूर्ण सांगा. चौकाच्या उत्तर टोकाच्या कैसरिये दरवाजातून बाजारातून चालतही जाता येतं. छपराखालची ही वाट सुमारे दोन किलोमीटर वळत वळत जाते. मशीद ईशान्येला आहे, फाट्यावर शंका आली तर दुकानदाराला विचारावं.

शुक्रवार टाळा. जुम्म्याच्या नमाजामुळे सकाळी पर्यटकांना आत सोडत नाहीत आणि बाजारही बहुतेक बंद असतो. इतर दिवशीही दुपारच्या नमाजासाठी मधले काही तास दार बंद होतं. साडेदहाला पोचलं तर घाईघाईत बाहेर पडावं लागतं, म्हणून दार उघडताच हजर राहावं. सकाळी जाण्याचं आणखी एक कारण म्हणजे प्रकाश. पश्चिम ऐवानाचं तोंड पूर्वेकडे असल्याने त्यावर सकाळी ऊन येतं, तर पूर्व ऐवान दुपार कलल्यावर उजळतो. दक्षिण ऐवान बराच वेळ सावलीत असतो. त्याचे फोटो उन्हाच्या चौकटीतून घेतले की काळे येतात, म्हणून कॅमेऱ्याचं मोजमाप सावलीवरच ठेवा.

अंगण साधारण साठ बाय सत्तर मीटर आहे. चार बाजूंच्या ऐवानांना नावं आहेत: दक्षिणेचा साहेब, पश्चिमेचा उस्ताद, पूर्वेचा शागिर्द, उत्तरेचा दरवीश. बिदरचा महमूद गवानचा मदरसा पाहिला असेल तर ही मांडणी ओळखीची वाटेल. १४७२ चा तो मदरसा याच परंपरेतला आहे.

टाइल्समध्ये अडकण्याआधी दक्षिण ऐवानातून थेट आत, निजामुल्मुल्कच्या घुमटाखाली जा. सेल्जुक या तुर्की घराण्यातल्या सुलतान मलिकशाहच्या या वजिराने तो १०८६-८७ मध्ये बांधून घेतला. आतला व्यास सुमारे १५ मीटर. चौकोनी खोलीवर गोल घुमट कसा बसवला ते इथे नीट उलगडतं: चार कोपऱ्यांत तीन पाकळ्यांच्या कमानी टाकून चौकोनाचा अष्टकोन केला आहे, त्यावर सोळा कमानींचा पट्टा, आणि मग घुमटाचं वर्तुळ. नजर खालून वर याच क्रमाने न्यावी. घुमटाच्या बुडाशी विटांत उठवलेला कूफी (कोनदार अरबी लिपीतला) लेख आहे. तो नुसत्या डोळ्यांना लागत नाही, त्यामुळे छोटी दुर्बीण जरूर न्यावी.

यानंतर अंगण ओलांडून उत्तर टोकाला. निजामुल्मुल्कचा प्रतिस्पर्धी ताजुल्मुल्क याने १०८८-८९ मध्ये इथे दुसरा घुमट उभारला. व्यास सुमारे दहा मीटर, म्हणजे आकाराने लहान, पण आमच्या मते सगळ्या मशिदीतली सर्वांत परिपूर्ण खोली हीच. खालच्या उभ्या कमानींच्या रेषा तुटक न होता वर घुमटापर्यंत चढत जातात आणि माथ्यावर विटांच्या बरगड्यांतून पंचकोनी तारा तयार होतो. रंग नाही, टाइल नाही, फक्त विटा. बरोबर मध्यभागी उभं राहून वर पाहा आणि निदान दहा मिनिटं थांबा. बरेच गट इथपर्यंत येतच नाहीत.

पश्चिम ऐवानाच्या उत्तरेला दोन खोल्या आहेत, त्या बहुधा कुलूपबंद असतात. रखवालदाराला नम्रपणे विचारलं की सहसा उघडून देतात. नमाजाच्या तोंडावर मात्र विचारू नये. पहिल्या खोलीत इल्खानी या मंगोल घराण्यातल्या सुलतान ओल्जेतूच्या काळचा १३१० चा गचकामाचा (गिलाव्यात कोरलेला) मेहराब, म्हणजे मक्केची दिशा दाखवणारा कोनाडा आहे. त्यात वेलींवर वेली आणि अक्षरांमागे अक्षरं कोरली आहेत. फ्लॅश मारला तर कोरीवकाम सपाट दिसतं, टॉर्चचा प्रकाश बाजूने तिरका टाका. दुसरी खोली म्हणजे तैमुरी (तैमूरच्या वंशजांच्या) काळातलं हिवाळी दालान. कमानी जमिनीलगतच सुरू होतात, आणि छतात बसवलेल्या अलाबास्टरच्या पातळ दगडांतून दुधी उजेड झिरपतो. आत विजेचे दिवे लावले तर थोडा वेळ बंद करायची विनंती करावी.

कपड्यांचं: बायकांना डोक्यावर स्कार्फ, लांब बाह्या आणि कमरेखाली येणारा सैल कुर्ता, पुरुषांना पूर्ण पँट. सतरंज्या आहेत तिथे बूट काढावे लागतात. शहर दीड हजार मीटरहून अधिक उंचीवर आहे, त्यामुळे जानेवारीत दगडी फरशी पाय गोठवते. जाड मोजे न्या. एप्रिल-मे आणि ऑक्टोबर हे उत्तम महिने. नवरोजनंतरचे (मार्चच्या अखेरीस येणारं इराणी नववर्ष) दोन आठवडे इराणी कुटुंबांची प्रचंड गर्दी असते.

भारतीय बँकांची कार्डं इराणमध्ये चालत नाहीत, सगळा खर्च रोख युरो किंवा डॉलर बदलून करावा लागतो. नोटेवर रियाल छापलेला असतो, पण बोलताना भाव तोमानमध्ये सांगतात. एक तोमान म्हणजे दहा रियाल. शिवाय हजार हा शब्द गाळतात. पैसे देण्याआधी आकडा फोनवर लिहून दाखवायला सांगा. भारतीयांसाठी २०२४ मध्ये सुरू झालेली व्हिसामाफी नोव्हेंबर २०२५ पासून थांबवण्यात आली आहे, त्यामुळे व्हिसा आधी काढावा. युद्धजन्य परिस्थिती पाहता परराष्ट्र मंत्रालयाची ताजी सूचना वाचल्याशिवाय तिकीट काढू नये.

शाकाहाऱ्यांनी लक्षात ठेवावं, इस्फहानची 'बेर्यान' म्हणजे रोटीवर दिलेला मटणाचा खिमा. त्यात भात नसतो. वांग्याचं कश्क-ए-बादेमजान, ताजी रोटी आणि दही यावर जेवण छान होतं, पण वांग्यात मांस नाही ना, हे विचारून घ्या.

जेवून बाजारातून चौकात परतलात की आधी शेख लुत्फुल्लाह मशीद गाठा. तिचं दार पश्चिमेकडे आहे, त्यामुळे दुपारनंतर दर्शनी भाग उन्हात येतो. शेवटचं तिकीट बंद व्हायच्या निदान तासभर आधी पोचा.