चोरीची स्कूटर घाटापलीकडे सापडली, पण गोव्यात यायला एक पत्र अडलं

गाडी चोरीला गेल्यावरची तक्रार, एफआयआरची प्रत, विमा कंपनीला पत्र हे सगळं भराभर झालं. मला लिहायचंय ते गाडी सापडल्यानंतरच्या काळाबद्दल. गाडी कुठे आहे ते ठाऊक होतं, ती चोरीची आहे हे दोन्ही राज्यांच्या पोलिसांना माहीत होतं, आणि तरीही ती पावसात उभी होती. तो राग अजून गेलेला नाही.

मी उत्तर गोव्यात राहतो. स्कूटर सापडली चोर्ला घाट ओलांडून, कर्नाटकातल्या एका पोलीस स्थानकाच्या आवारात. नंबर प्लेट काढलेली, त्यामुळे बेवारस म्हणून जप्त. तिथल्या एका हवालदारांना सीटखालच्या डिकीत माझी सर्व्हिसिंगची पावती मिळाली आणि तिच्यावरचा मोबाईल नंबर लावून त्यांनी मला फोन केला. बेळगावकडचे, चांगलं मराठी बोलणारे. त्या माणसाने एवढी तसदी घेतली नसती तर ही गाडी मला कधीच दिसली नसती.

मी तडक गोव्यातल्या पोलीस स्थानकात गेलो. उत्तर मिळालं, "त्यांच्याकडून लेखी आलं पाहिजे." घाट चढून पलीकडे गेलो, तर तिथे म्हणाले, "गोव्याच्या तपास अधिकाऱ्यांचं पत्र येऊ दे, मग आम्ही कोर्टाला कळवतो." दोघंही आपापल्या परीने नियमाचंच बोलत होते. संशयावरून जप्त केलेल्या मालाची माहिती तिथल्या दंडाधिकाऱ्यांना द्यावी लागते, आणि त्यांच्या आदेशाशिवाय मुद्देमाल हलत नाही. पण पहिलं पत्र कुणी लिहायचं? पुढे गोव्याहून पत्र गेलं म्हणाले, तिकडे ते पोचलंच नव्हतं. जावक क्रमांक मागितला तर वही उघडायला कुणी तयार होईना. त्यामुळे सांगतो, कुठल्याही कार्यालयातून तुमच्या कामाचं पत्र निघालं की जावक क्रमांक आणि तारीख त्याच वेळी लिहून घ्या. नुसत्या "पाठवलंय" या शब्दावर घरी येऊ नका.

मला सगळ्यात जास्त छळत होता तो वेगळाच प्रश्न. देशातली पोलीस स्थानकं संगणकाने जोडायची योजना, सीसीटीएनएस, 2009 साली मंजूर झाली. एका राज्यात नोंदलेली चोरी दुसऱ्या राज्यात दिसावी यासाठीच ती आहे. मग माझी गाडी तिकडे बेवारस कशी राहिली? याचं उत्तर हवालदारांनीच दिलं. त्यांनी गाडीच्या सांगाड्यावर कोरलेल्या चेसिस नंबरावर कागद धरून पेन्सिलीने ठसा घेतला होता. तो मी माझ्या आरसीशी, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्राशी पडताळला, अक्षर न् अक्षर जुळला. मग एफआयआरशी पडताळला. तिथे एका शून्याच्या जागी इंग्रजी ओ टाइप झालेला होता. आरसीची प्रत मी तक्रारीसोबतच दिली होती, ती गोव्यातल्या स्थानकाच्या फाइलीत होती. संगणकाच्या लेखी या दोन वेगवेगळ्या गाड्या होत्या. चेसिस नंबर 17 अक्षरांचा असतो आणि त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच वापरत नाहीत, नेमका हाच घोळ होऊ नये म्हणून. म्हणजे तो ओ कुणाच्याही नजरेला खटकायला हवा होता. एफआयआरची प्रत हातात आली की स्थानकाच्या बाकावरच बसून चेसिस आणि इंजिन नंबर आरसीशी ताडून पाहा. चूक दिसली तर दुरुस्तीचा अर्ज तिथल्या तिथे द्या आणि पोच घ्या.

ठसा, आरसी आणि एफआयआर यांच्या प्रती जोडून मी थेट पोलीस अधीक्षक कार्यालयात अर्ज केला. दोनच मागण्या केल्या: नंबर दुरुस्त करा, आणि पलीकडच्या स्थानकाला ईमेलने पत्र पाठवून प्रत मला द्या. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 193 प्रमाणे तपासाची प्रगती तक्रारदाराला 90 दिवसांत कळवायची असते, तेही अर्जात लिहिलं. त्यानंतर गाडं हललं.

त्या कार्यालयातल्या एका अधिकाऱ्यांशी निवांत बोलणं झालं. सीमेवरच्या जिल्ह्यांचे पोलीस अधूनमधून एकत्र बसतात, निवडणुकीआधी तर हमखास. नाके, दारू, रोकड, फरार आरोपी यांचं नियोजन होतं. माझं ठाम मत आहे की बेवारस वाहनांच्या चेसिस नंबरांची यादी अशा प्रत्येक बैठकीत दोन्हीकडून टेबलावर यावी. गोव्याला याची गरज जास्तच आहे. शेजारच्या राज्यांनी एकत्र बसून प्रश्न सोडवायला ज्या क्षेत्रीय परिषदा आहेत, त्यांत आपण पश्चिम परिषदेत महाराष्ट्र-गुजरातबरोबर आहोत, कर्नाटक दक्षिण परिषदेत. वरच्या पातळीवर तिकडच्या शेजाऱ्याशी नेहमीची गाठ पडत नाही, मग जिल्ह्याजिल्ह्यांतच बोलणं व्हायला हवं. चोराला घाट उतरायला तासभर पुरतो.

पुढचं सोपं होतं. तपास अधिकारी तिकडच्या कोर्टाचा आदेश घेऊन गाडी गोव्यात घेऊन आले. इथल्या दंडाधिकाऱ्यांकडे मी वकिलामार्फत ताब्यासाठी अर्ज केला. जप्त वाहनं पोलीस स्थानकात सडत ठेवू नयेत, हमीपत्र आणि फोटो घेऊन मालकाला द्यावीत, असं सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्येच सांगितलंय. तुमच्या वकिलाला त्याची आठवण करून द्या. मला हमीपत्र आणि जामीनदार द्यावा लागला. खटला संपेपर्यंत गाडी विकायची नाही, रंग बदलायचा नाही, कोर्ट म्हणेल तेव्हा हजर करायची. गाडी पाहिली आणि डोळे भरून आले. बाबांनी निवृत्तीच्या पैशातून घेऊन दिलेली होती ती.

एक राहिलंच. तिकडचा पंचनामा कन्नडमध्ये होता. वकिलांनी भाषांतर जोडायला लावलं, त्यात वेळ गेला. हे आधीच करून ठेवा.

आणि ताबा मिळाल्यावर लगेच घरी जाऊ नका. संगणकावर गाडी "मिळाली" अशी नोंद करायला लावा आणि ती स्वतः बघा. नाहीतर पुढच्या नाक्यावर तपासणीत ती चोरीचीच दिसेल. जुनी गाडी विकत घेणाऱ्यांनीही राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या पोर्टलवर चेसिस नंबर टाकून पाहावा, तिथे चोरीची नोंद असेल तर कळते.