सुप्रीम कोर्टातला दिवा आणि फोंड्याचा फणस

"उद्या मी सुप्रीम कोर्टात आहे," असं फोनवर सांगितलं की गोव्यात फोंड्याला आई देवाजवळ समई लावते. पहिल्या वर्षी मी तिला समजावून सांगितलं होतं की न्यूयॉर्क राज्यात सुप्रीम कोर्ट म्हणजे खालचं, साक्षीपुरावे नोंदवणारं कोर्ट. त्याच्या वर अपिलाचं कोर्ट, आणि सगळ्यांत वरचं ऑल्बनीला, त्याचं नाव कोर्ट ऑफ अपील्स. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "साक्षीपुरावे तिथंच होतात ना? मग दिवा तिथंच लागायला हवा." दिवाणी वकिलीबद्दल इतकं नेमकं मला कुणी शिकवलं नव्हतं.

गावाहून बरेच जण विचारतात, तू तिथं नेमकं काय करतेस? मी दिवाणी दावे चालवते, त्यातही बांधकामावर जखमी झालेल्या कामगारांचे. शनिवारी न्यूयॉर्क शहराच्या क्वीन्स भागातल्या एका वाचनालयात बसून लोकांचे कागद वाचून देते. पण हे सांगायचं तर सुरुवात फोंड्यापासूनच करावी लागेल.

मिरामारच्या साळगावकर लॉ कॉलेजातून बाहेर पडल्यावर मी सहा वर्षं फोंड्यात एका ज्येष्ठ वकिलांकडे ज्युनियर होते. कामं आपल्या मातीतली होती. वाटणीचे दावे, वारसांच्या इन्व्हेंटरी (म्हणजे मयताच्या मालमत्तेची कोर्टातून होणारी वाटणी), कूळ-मुंडकारांच्या केसी. मुंडकार म्हणजे भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जागेत घर करून राहणारा. सरांचा एक नियम होता. पक्षकाराला अर्ज त्याच्या भाषेत, शब्दन् शब्द वाचून दाखवल्याशिवाय त्याची सही किंवा अंगठा घ्यायचा नाही. घाईच्या दिवशी मला तो नियम जड वाटायचा.

एकदा बांदोड्याची एक म्हातारी मुंडकारीण आली होती. 1975 च्या मुंडकार कायद्यानं तिला राहतं घर आणि त्याभोवतीची जागा विकत घेता येत होती. पंचायत हद्दीत ती जागा 300 चौरस मीटरपर्यंत. अर्ज मीच टाईप केला होता. मी वाचत होते आणि ती ओसरीच्या पायरीवर बसून ऐकत होती. 'पूर्वेस फणसाचे झाड' असं आलं तशी तिनं हात वर केला. "बाय, सूर्य त्या फणसामागे मावळतो." मी कच्चा नकाशा उलटा धरून दिशा लिहिल्या होत्या. अर्ज तसाच गेला असता तर तिची विहिरीकडची बाजू भाटकाराच्या हिश्श्यात दिसली असती, आणि पुढे मामलेदारांसमोर 'तुमच्याच अर्जात असं लिहिलंय' हे वाक्य तिलाच ऐकावं लागलं असतं. सर मला एक शब्दही बोलले नाहीत. कागद टाईपरायटरला पुन्हा लावून दिला.

लग्नानंतर न्यूयॉर्कला आले तेव्हा वाटलं, वकिली संपली. तसं नव्हतं. भारतातली कायद्याची पदवी असेल तर इथं एक वर्षाचं एलएलएम करून बारच्या परीक्षेला बसता येतं. परीक्षा दोन दिवसांची असते आणि 400 पैकी 266 गुण लागतात. शिवाय सनद मिळण्याआधी 50 तास विनामोबदला कायद्याचं काम केल्याचं दाखवावं लागतं. ही अट मला फार मोलाची वाटते. आपल्याकडेही असावी असं मनापासून वाटतं. नवा वकील पहिला पक्षकार पैशाच्या निमित्तानं न भेटता गरजेच्या निमित्तानं भेटतो, हे त्याच्या पुढच्या सगळ्या वर्षांना उपयोगी पडतं.

माझे 50 तास क्वीन्सच्या जमैका भागात, सटफिन बुलेव्हार्डवरच्या घरभाड्याच्या कोर्टात गेले. अमेरिकेत 1963 च्या गिडियन निकालापासून वकील न परवडणाऱ्या फौजदारी आरोपीला सरकारी खर्चानं वकील मिळतो, पण दिवाणी कोर्टात तसा सर्वसाधारण हक्क नाही. घर जात असेल तरी माणूस एकटाच उभा. न्यूयॉर्क शहरानं 2017 मध्ये कमी उत्पन्नाच्या भाडेकरूंसाठी वकील देण्याचा कायदा केला आणि असं करणारं ते देशातलं पहिलं शहर ठरलं. तरीही वकील कमी पडतात. न्यायाधीशांपुढे जाण्याआधीच व्हरांड्यात, भिंतीला कागद टेकवून, घरमालकाचा वकील आणि भाडेकरू यांच्यात तडजोड लिहिली जाते. वकील नसलेल्या माणसाला न्यायाधीश नंतर ती समजावून सांगतात, पण तोवर सही झालेली असते. इंग्रजी अर्धंच कळणाऱ्याला न्यायाधीशांनी 'समजलं का?' विचारलं की तो मान डोलावतो. मान डोलावणं म्हणजे काय, हे मला बांदोड्याच्या म्हातारीमुळे माहीत होतं. तिनं हात वर केला, कारण तिच्या भाषेत वाचलं जात होतं.

आता नोकरीतलं काम. न्यूयॉर्कच्या कामगार कायद्याचं 240 वं कलम आहे. उंचीवर काम करणाऱ्याला नीट परांची, शिडी, पट्टे दिले नाहीत आणि तो पडला, तर जागेचा मालक आणि मुख्य कंत्राटदार जबाबदार. कामगाराचा थोडा हलगर्जीपणा झाला म्हणून ते सुटत नाहीत. पण अपघाताला केवळ तोच कारणीभूत होता असं सिद्ध झालं, तर दावा बुडतो. म्हणून सगळं भांडण 'पडलास कसा?' या एका प्रश्नाभोवती फिरतं.

माझा एक पक्षकार डिचोलीच्या बाजूचा होता (ओळख पटेल असं काही लिहीत नाही). डिपॉझिशन म्हणजे कोर्टाबाहेर, एका खोलीत, शपथेवर घेतलेली उलटतपासणी. टाईप करणारी बाई समोर, दोन्हीकडचे वकील, आणि एका साक्षीदारासाठी सात तासांपर्यंतची मुदत. मराठी दुभाषा बोलावला होता. चौथ्या तासाला समोरच्या वकिलांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला. माझा माणूस म्हणाला, "पायाखालची फळी सरकली आणि पाय गेला." दुभाष्यानं इंग्रजीत एवढंच सांगितलं की त्याचा पाय घसरला.

फळी गेली कुठे? खोलीत मराठी कळणारी तिसरी व्यक्ती मीच होते. मी हरकत नोंदवली, मूळ वाक्य मराठीत जसंच्या तसं टाईप करणाऱ्या बाईला उच्चारून दिलं आणि त्याचा अर्थ सांगितला. समोरचे वकील रागावले, म्हणाले वकिलानं दुभाषा व्हायचं नसतं. त्यांचं म्हणणं नियमाला धरून होतं, म्हणून मी प्रश्न पुन्हा विचारायला सांगितला. त्यानं तेच वाक्य पुन्हा म्हटलं, या वेळी हातानं फळी सरकल्याचं दाखवत, आणि फळी कागदावर आली. शिवाय जबानीची प्रत आल्यावर 60 दिवसांत साक्षीदाराला कारणं देऊन दुरुस्त्या करता येतात. आम्ही दोघं एका रविवारी त्याच्या स्वयंपाकघरात बसलो आणि ती पूर्ण प्रत मी त्याला मराठीतून वाचून दाखवली. आणखी तीन जागा सापडल्या.

असा माणूस वकिलाची फी कुठून देणार? इथं अपघाताच्या दाव्यात वकील बहुतेक वेळा वसुलीच्या एक तृतीयांशावर काम करतो. हरला तर फी नाही. आपल्याकडे बार कौन्सिलच्या नियमांनी अशा वाट्याला बंदी आहे, आणि शिकताना मलाही ते अनैतिकच वाटायचं. आता वाटत नाही. ज्याचा हात मोडलाय त्याला त्यामुळेच कोर्टाचं दार उघडतं. दुखतं ते एवढंच की लहान रकमेच्या दाव्याला मग वकील मिळत नाही. थकलेली दोन महिन्यांची मजुरी, परत न केलेलं डिपॉझिट, अशी कामं घेऊन माणसं शनिवारी वाचनालयात येतात. न्यूयॉर्क शहरात 10,000 डॉलरपर्यंतचा दावा छोट्या दाव्यांच्या कोर्टात स्वतःच चालवता येतो. मी अर्ज भरायला बसवते, पावत्या तारखेनुसार लावून देते. आणि सरकारी बस, शाळा किंवा फुटपाथ यांच्यामुळे इजा झाली असेल तर 90 दिवसांत नोटीस द्यावी लागते, हे प्रत्येकाला सांगते. या एका मुदतीपायी किती चांगले दावे जातात.

त्या टेबलावर आपले गोव्याचे कागदही येतात. चवथीनंतर तर हमखास. गावाहून भावानं पॉवर ऑफ ॲटर्नी पाठवलेली असते, 'नुसती सही करून पाठव'. मजकूर सर्वाधिकाराचा असतो. मी वाचून दाखवते तेव्हा बहिणीला कळतं की इन्व्हेंटरीत हजर राहण्याबरोबर तिचा वाटा विकण्याचाही अधिकार ती देऊन टाकतेय. भाऊ वाईट असतो असं नाही. बहुतेकदा त्यानंही वाचलेलं नसतं. आपल्या गोव्याच्या कायद्यात लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवराबायको मालमत्तेत निम्मेनिम्मे असतात, आणि मुलांचा निम्म्या वारशावरचा हक्क मृत्युपत्रानंही सहसा काढून घेता येत नाही. गोवेकराची गोव्याबाहेरची भारतातली मालमत्तासुद्धा याच वारसा कायद्यात येते, असं सुप्रीम कोर्टानं, दिल्लीच्या आपल्या सुप्रीम कोर्टानं, 2019 मध्ये सांगितलं आहे. एवढा हक्क हातात असताना तो न वाचता टपालात टाकायचा? मी सुचवते की अधिकार एकाच कामापुरता लिहा, मालमत्तेचा सर्व्हे नंबर घाला, विक्रीचं वाक्य काढा. मग नोटरी, ॲपोस्टिल (कागद परदेशात मान्य व्हावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का), आणि भारतात पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत मुद्रांक.

गोव्यातल्या वाचकांना एक सांगायचं राहिलंय. 1987 च्या विधी सेवा कायद्यानं भारतात कुठल्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मागता येतो, दिवाणी कामातही. तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा. हे मी इथल्या सहकाऱ्यांना सांगते तेव्हा त्यांना खरं वाटत नाही. फोंड्यात किती जणींना माहीत आहे?

यंदा चवथीला दोन आठवडे घरी आहे. पंचमीनंतरचे दोन दिवस सकाळी सरांच्या ओसरीवर बसणार आहे. सल्ला तेच देतील, मी फक्त वाचून दाखवीन. येताना झेरॉक्स नको, मूळ कागद आणा. एक-चौदाचा (जमिनीच्या नोंदीचा) उतारा, सर्व्हे प्लॅन, असल्यास जुनी पोर्तुगीज दस्तं. आणि घरातलं सगळ्यांत वयस्कर माणूस बरोबर आणा, फणस कुठल्या बाजूला आहे ते त्यालाच ठाऊक असतं.