काडेपेटीतले खडे

साताऱ्याच्या स्टँडवर पाटणची एसटी धरली तेव्हा खिशात काडेपेटी होती. तिच्यात कापसात गुंडाळलेले कॉड माशाच्या डोक्यातले दोन खडे. मार्चमध्ये नॉर्वेच्या लोफोटेन बेटांवर गेलो होतो, तिथल्या एका म्हाताऱ्या कोळ्यानं दिलेले. उंब्रज, मल्हारपेठ गेलं. मी दर थांब्याला खिसा चाचपत होतो.

मामांनी पेटी उघडली. "काय रं ह्ये? घेवडा हाय व्हय?"

दिसतो तसाच. पांढरा, लांबट, कडेला दातेरी. मासा त्याच्यावरच तोल सांभाळतो, ऐकतो. एक खडा कोळ्यानं मधोमध मोडून दिला होता. मामांनी पेपर वाचायचं भिंग आणलं आणि मोडलेली बाजू उजेडाकडे धरली. उन्हाळ्यात माशाची वाढ जोरात, तेव्हाचं वळं दुधाळ, हिवाळ्यातलं काचेसारखं. मामांनी काडीच्या टोकानं नऊ हिवाळे मोजले.

"बैलाचं दातावरनं, ह्याचं कानावरनं," मामा म्हणाले. मग थबकले. "सातव्याफुडं बारीक का झाली?"

मला फार आनंद झाला, कारण खरी गोष्ट तिथंच आहे. तिथून मासा वयात आला. तेव्हापासून दर हिवाळ्यात बॅरेंट्स समुद्रातून शेकडो किलोमीटर पोहत लोफोटेनला अंडी घालायला यायचं. मादी लाखांनी अंडी सोडते. ती तरंगतात आणि प्रवाह पिल्लांना परत उत्तरेला नेतो. एवढी ताकद तिकडं गेल्यावर अंगाला काय लागणार?

गारठ्याचंही सांगितलं. समुद्राचं पाणी उणे 2 अंशांच्या आसपास गोठतं. पाणी तितकं गार झालं की कॉडच्या रक्तात बर्फाचे कण वाढू न देणारी प्रथिनं तयार होतात.

दुपारी बाजारात गेलो. कुंभार्ली घाट चढून आलेले सुके बोंबील पोत्यावर मांडलेले. लोफोटेनलाही लाकडी मांडवांवर कॉडच्या जोड्या शेपटीला बांधून लोंबत होत्या, मीठ न लावता. बोंबील उन्हानं वाळतो, कॉड थंड वाऱ्यानं. वास मात्र ओळखीचा, मला तिथं पाटणच आठवलं होतं.

संध्याकाळी मामींनी बोंबलांची डोकी खुडून बाजूला टाकली. त्यातलं एक उचलून मामा भिंग घेऊन पायरीवर उजेडाला बसले.